फुकट नाण्यांची किंमत कोण मोजतो?

नव्या आभासी चलनाची नाणी फुकट वाटणाऱ्याचा खर्च जवळपास शून्य असतो, कारण नाणे त्याचेच आणि संख्याही त्यानेच ठरवलेली. किंमत मोजतो तो नंतर खरे पैसे घालणारा. पुण्यात गुन्हे नोंदले गेलेल्या गेनबिटकॉइन या गुंतवणूक योजनेत १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आश्वासन होते, तेही बिटकॉइनमध्ये. पुढे लोकांच्या हाती पडले एमकॅप हे योजनेचे स्वतःचे नाणे. मुख्य आरोपी अमित भारद्वाजला २०१८मध्ये अटक झाली, तोवर पैसा गेलेला होता. असेच आश्वासन स्टेकिंगच्या नावानेही दिले जाऊ शकते. स्टेकिंग, म्हणजे नाणी अडकवून मोबदला घेणे, सरसकट लबाडी नाही, हा आक्षेप रास्त आहे: सप्टेंबर २०२२पासून इथेरियम या आभासी चलनाचे जाळे त्यावरच चालते. पण तिथल्या मोबदल्यात व्यवहार करणाऱ्यांनी भरलेले शुल्कही असते. निव्वळ नवी नाणी छापून सगळ्यांनाच मोबदला दिला, तर तुमची १००ची १२० होतात आणि एकूण साठाही त्याच प्रमाणात फुगतो. वाटा जागच्या जागी. शिवाय तुमची नाणी कुलपात असताना संस्थापकाची मोकळी असू शकतात. पगारदार घरांनी अशा नाण्यांसाठी निवृत्तीची पुंजी काढण्याआधी एवढेच विचारावे: हा मोबदला नेमका कुणाच्या खिशातून येतो?