तुकडीवरचा रवा पातळच हवा

केशवसुतांचं जन्मगाव म्हणून मालगुंड महाराष्ट्राला माहीत आहे. गणपतीपुळ्याचं दर्शन आटोपून माणसं इथलं स्मारक बघायला येतात आणि दुपार झाली की ‘घरगुती जेवण’ अशी पाटी असलेल्या एखाद्या अंगणात थांबतात. ताटात भात असतो, कालवण असतं, तांदळाची भाकरी असते, सोलकढीची वाटी असते. पण पाहुण्याची नजर असते ती रवा लावून तळलेल्या तुकडीवर. कोकण किनाऱ्यावरच्या पुष्कळ ताटांत हल्ली या तुकडीवरचं आवरण जाड होत चाललं आहे. रव्यात कॉर्नफ्लॉवर मिसळतं, त्यावर लाल रंग चढतो, तव्याची जागा कढई घेते आणि मासा दाताखाली येईपर्यंत पीठच चावत राहावं लागतं. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. पातळ थरामुळे मासा नीट शिजतो, त्याचा ताजेपणा लपत नाही आणि खाणाऱ्याच्या पोटात तेलही कमी जातं. घरच्या तव्यावरची ही रीत पर्यटनाच्या रेट्यात सुटता कामा नये.

थर मुळात कशासाठी लावतात, हे आधी पाहू. तळणाचं तापलेलं तेल साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसचं असतं. माशाच्या अंगात बहुतांश पाणीच असतं आणि ते १०० अंशांना उकळतं. तुकडी तेलात सोडली की तिच्या कडेने बुडबुड्यांची झालर उठते. ते बुडबुडे म्हणजे माशातून बाहेर पडणारी वाफ. ती जोरात बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. वरचा रवा सुकतो, खरपूस होतो आणि त्याच्या आड मासा स्वतःच्याच पाण्यात वाफवून निघतो. तुकडी बाहेर काढली की हे उलटतं. वाफ निवते, आतला दाब उतरतो आणि अंगाला चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. तळलेल्या पदार्थातलं बरंचसं तेल असं बाहेर काढल्यावर मुरतं आणि मुख्यतः बाहेरच्या थरातच राहतं. म्हणून थर जितका जाड, तितकी तेलाला जागा जास्त. तुकड्या ताटलीत एकावर एक रचणंही याच कारणाने वाईट. खालच्या तुकडीची वाफ वरचीला भिजवते आणि दोन्ही मऊ पडतात. जाळीवर किंवा तिरक्या ताटलीत क्षणभर निथळून ती सरळ पानात वाढली, तरच रव्याला अर्थ आहे.

किनाऱ्यावरच्या घरांत हे कोणी पुस्तकातून शिकलेलं नाही, पण रीत नेमकी याला धरून आहे. सुरमईची तुकडी बोटभर जाडीची कापतात. तिला मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ चोळतात. माशाचा उग्र वास ज्या द्रव्यांमुळे येतो ती आंबटामुळे बांधली जातात, त्यामुळे वास कमी होतो आणि मांसही थोडं घट्ट होतं. मग आलं-लसणाचं वाटण आणि तिखट. थोड्या वेळाने मिठामुळे पाणी सुटतं, ते निथळून टाकायचं. अंगाला राहिलेला मसाल्याचा ओलावा हीच खळ. तिथे अंडं लागत नाही. बारीक रव्यात मूठभर तांदळाचं पीठ मिसळून त्यात तुकडी दोन्ही बाजूंनी हलकी दाबायची, हातावर उलटसुलट आपटून सुटा रवा झाडून टाकायचा आणि लगेच तव्यावर सोडायची. हा झाडण्याचा क्षण सगळ्यात मोलाचा आहे. जो झाडत नाही त्याच्या तेलात रवा जळतो आणि पुढच्या प्रत्येक तुकडीला तो कडूपणा लागतो. आधी घोळून ठेवलेल्या तुकडीवरचा रवा पाणी पिऊन चिखलासारखा होतो, म्हणून घोळणं आणि तळणं यांत वेळ जाऊ द्यायचा नसतो. बोंबलाची रीत आणखी वेगळी. त्याच्या अंगात पाणी इतकं, की आधी तो उभा चिरून, उघडून, वजनाखाली दाबून ठेवावा लागतो. दाब दिलेला बोंबील पातळ थरात कुरकुरीत होतो. न दाबलेल्याला कितीही पीठ थापा, तो तव्यावरच लिबलिबतो.

ही विद्या एकट्या कोकणाची नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत गोमांसाचे पातळ काप मसाला लावून, अंड्यात बुडवून, रव्यात घोळून तव्यावर तळतात. त्यांना तिथे कटलेट म्हणतात आणि ती पावात घालून खातात. मुंबईच्या पारशी कटलेटला आधी पावाचा चुरा आणि मग बाहेरून अंडं लावतात, त्यामुळे तळताना कडेला जाळीदार नक्षी फुटते. व्हिएन्नाचं श्निट्झेल आणि जपानचं तोंकात्सु ही याच घराण्यातली. घरी डुकराच्या मांसाचं कटलेट करून पाहणाऱ्या मराठी तरुणांना माझं सांगणं इतकंच, की रव्याची तुकडी नीट जमणाऱ्याला ते अवघड नाही. बिनचरबीच्या मांसाला माशासारखा चिकटा नसतो, म्हणून तिथे मैदा, मग फेटलेलं अंडं, मग चुरा अशा तीन पायऱ्या लागतात. कालचा पाव सुकवून जाडसर भरडला की झालं. पाकिटातल्या चुऱ्याची गरज नाही. मात्र मांस आधी ठोकून अर्ध्या सेंटीमीटरवर आणलं पाहिजे. डुकराचं मांस कच्चं राहिलं तर पट्टकृमीसारख्या परजीवींचा धोका असतो. अमेरिकेच्या कृषी विभागाने सबंध कापांसाठी आतलं तापमान ६३ अंश आणि वर ३ मिनिटांचा विसावा, तर खिम्यासाठी ७१ अंश सांगितलं आहे. जिथे डुकरं मोकाट फिरतात आणि मांसाची तपासणी होईलच याची खात्री नसते, तिथे काप पूर्ण शिजवणंच शहाणपणाचं. जाड काप वरून लाल होतो आणि आत कच्चा राहतो. पातळ काप चुरा तांबूस होईपर्यंत आरपार शिजतो. व्हिएन्नाची आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ऑस्ट्रियात ‘वीनर श्निट्झेल’ म्हणून विकायचं तर मांस वासराचंच लागतं. डुकराचं वापरलं तर नावातच तसं लिहावं लागतं. चुऱ्याखाली काय आहे ते गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे, हे त्यांनी नियमातच घातलं आहे.

आपल्याकडे तोच मुद्दा ताजेपणाचा आहे. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. माशांच्या विणीचा काळ असल्याने ती योग्यच आहे. पण पावसाळी पर्यटन वाढलं आहे आणि पाहुण्याला जुलैतही ताटात सुरमई हवी असते. ती येते बर्फातून किंवा शीतगृहातून. शीतगृहातला मासा वाईट असतो असं नाही. नीट गोठवलेला मासा खाण्यास योग्यच असतो. तो ताजा म्हणून वाढणं वाईट. ताज्या माशाचे कल्ले लाल असतात, डोळे भरलेले असतात, बोटाने दाबलेला खळगा लगेच वर येतो. तुकडी झाल्यावर यातलं काही दिसत नाही. मग साक्ष देणारं उरतं फक्त मांस. पातळ रव्याखाली ते पदरापदराने सुटतं की भुसभुशीत होऊन विखुरतं, हे पहिल्या घासाला समजतं. जाड पीठ, लाल रंग आणि भरपूर तिखट यांच्या खाली ते समजत नाही. जाड थर देणारा प्रत्येक जण फसवतो असा माझा आरोप नाही. पण जाड थरामुळे फसवणं सोपं होतं, आणि प्रामाणिक घराचा ताजा मासाही त्याच पिठाखाली ओळखू येईनासा होतो. नुकसान त्या घराचंच आहे.

तेलाचं म्हणाल तर जाड थराला तवा पुरत नाही, बुडवून तळावं लागतं. म्हणजे कढई आली, तिच्यात दोन-तीन लिटर तेल आलं आणि ते तेल उद्यासाठी राखणं आलं. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात घातक ध्रुवीय संयुगं साठत जातात. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची कमाल मर्यादा २५ टक्के ठरवून दिली आणि पुढे दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना वापरलेल्या तेलाची नोंद ठेवणं बंधनकारक केलं. मर्यादा सगळ्यांनाच आहे, पण छोट्या खानावळीला अशी नोंद ठेवावी लागत नाही आणि तिच्या कढईपर्यंत तपासनीस रोज पोचणंही शक्य नाही. तव्यावर दोन-तीन चमचे तेल सोडून तळणाऱ्या घरी हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. तेल त्या घाण्यापुरतं असतं, त्यातच संपतं.

यावर किनाऱ्यावरचा व्यावसायिक म्हणेल, की गिऱ्हाइकालाच जाड आणि कुरकुरीत लागतं, आम्ही काय करणार? यात तथ्य आहे. शहरात तळलेल्या कोंबडीच्या साखळी दुकानांनी जिभेला जाड कवचाची सवय लावली आहे. शिवाय जाड थर वेळ निभावून नेतो, आणि एकदम वीस पानं बसली की ते सोयीचं पडतं. पण मालगुंडला येणारा माणूस शहरात मिळतं तेच खायला इतक्या लांब येत नाही. शहरात न मिळणारी गोष्ट इथे आहे: होडी लागल्यावर थोड्याच वेळात तव्यावर पडणारा मासा. तो पिठात गुंडाळून दिला, तर मालगुंडचं ताट आणि महामार्गावरच्या कुठल्याही ढाब्याचं ताट यांत फरक काय राहिला?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला मनापासून पटतो. ऐनवेळी घोळून, एकेक तुकडी तव्यावरून पानात वाढायची म्हणजे कोणीतरी सतत आचेपाशी उभं राहायला हवं. ते कोणीतरी बहुतेक वेळा घरातली बाई असते आणि ती सगळ्यांच्या शेवटी जेवते. चांगल्या तुकडीची मागणी तिच्या पाठीवर ओझं टाकून करणं अन्यायाचं होईल. म्हणून घरगुती जेवण विकणाऱ्यांनी ताटाची किंमत लावताना तव्यापाशी जाणारा हा वेळ त्यात धरला पाहिजे, आणि पाहुण्यांनी तो पैसा खळखळ न करता दिला पाहिजे. दहा प्रकारच्या माशांची यादी लावण्यापेक्षा त्या दिवशीचे दोनच मासे ठेवले तर काम निम्म्यावर येतं. पंगत एकदम न बसवता दोन वेळांत बसवली तर तवा पुरतो. आणि उलथणं घरातल्या पुरुषाने हातात घेतलं तर तुकडीची चव काही बिघडत नाही. समुद्रावर जाळं ओढणाऱ्या हातांना ते जड जाणार नाही.

तिसरं म्हणणं प्रकृतीची काळजी करणाऱ्यांचं: तळलेलं खावंच कशाला, कालवण आहे की. रोजच्या जेवणाबद्दल हे अगदी बरोबर आहे, आणि कोकणातली घरंही रोज तुकड्या तळत नाहीत. रोजचा आधार कालवणाचाच. पण ज्या दिवशी तळायचं त्या दिवशी पातळ थर आणि तवा हाच त्यातला सौम्य मार्ग आहे. त्याला महागडा मासाही लागत नाही. राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटाला राज्य मासा जाहीर केलं, त्यामागे त्याचं घटत चाललेलं प्रमाण हेही कारण होतं. पापलेट आणि सुरमईवरचा भार थोडा हलका करायचा असेल, तर तव्यावर बांगडा, मांदेली, तारली, लेपा यांना मान दिला पाहिजे. तारलीसारख्या तेलकट माशाला तर रवाही नावापुरता पुरतो. त्याची स्वतःची चरबीच त्याला खरपूस करते. जाड पिठात मात्र मांदेली आणि पापलेट सारखेच लागतात, आणि मग गिऱ्हाईक नाव बघून महाग तेच मागतं.

पाहुण्यांना म्हणूनच एक विनंती आहे. येत्या सुट्टीत मालगुंड-गणपतीपुळ्याकडे उतरलात, तर मेनूतलं ‘कुरकुरीत’ वाचून मासा मागवू नका. आज कोणता मासा आला ते विचारा, तो कच्चा दाखवायला सांगा, आणि तव्यावर, पातळ रव्यात करून मागा. जे घर विनासंकोच मासा दाखवेल तिथेच जेवा, आणि त्याची किंमत घासाघीस न करता द्या.