विश्लेषण : स्वसंरक्षणासाठी पहिले रिव्हॉल्व्हर घ्यायचे तर? बल्लारपुरातून हिशेब मांडला की काय दिसते?

गोळीबाराच्या घटनांनंतर चंद्रपूर जिल्ह्यात ‘आपल्याकडेही एखादे हत्यार असावे का’ असा प्रश्न व्यापारी आणि कंत्राटदार विचारू लागतात. परवाना कोणाला मिळतो, स्वस्तातले म्हणजे नेमके किती रुपयांचे, आणि घेतल्यावर ते चालवून कुठे पाहायचे?

जुलै २०२४ चा पहिला आठवडा बल्लारपूर आणि चंद्रपूरकरांच्या लक्षात राहिला आहे. ४ जुलैला चंद्रपूर शहरातील एका व्यापारी संकुलात मनसेच्या कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्यावर गोळी झाडण्यात आली. तीनच दिवसांनी, ७ जुलैला बल्लारपुरात भरवस्तीतील एका कापड दुकानावर पेट्रोल बॉम्ब फेकून गोळीबार करण्यात आला. त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये याच शहरात एका कोळसा व्यावसायिकाची गोळ्या झाडून हत्या झाली होती. मे २०२३ मध्ये मूल येथे जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांवर गोळीबार झाला, तर जुलै २०२३ मध्ये राजुऱ्यात दुसऱ्यावर झाडलेली गोळी लागून एका महिलेचा जीव गेला.

कोळसा, कागद कारखाना, लाकूड आणि दक्षिणेकडे जाणारा मोठा रेल्वेमार्ग यामुळे बल्लारपुरात रोख पैसा फिरतो. रात्री दुकान बंद करून गल्ला घरी नेणाऱ्याला हत्यार घ्यावेसे वाटणे समजण्यासारखे आहे. मात्र वाटणे आणि मिळणे यांच्यात बरेच अंतर आहे. मिळाल्यानंतरचे अंतर तर त्याहून मोठे आहे, आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही.

हत्यार बाळगणे हा हक्क आहे का?

नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. अमेरिकेच्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, भारताच्या राज्यघटनेने तो कोणालाही दिलेला नाही. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या चौकटीत सरकार परवाना देते, तो नाकारू शकते आणि दिलेला काढूनही घेऊ शकते.

चंद्रपूर जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नसल्याने परवाना देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजेच जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे हवे. अर्जासोबत शारीरिक आणि मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्यानंतर स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. गुन्हे आहेत का, शेजारी काय सांगतात, हत्यार घरात सुरक्षित राहील का, हे पाहिले जाते. खरी अडचण ‘गरज’ सिद्ध करण्याची असते. व्यवसायाच्या किंवा कामाच्या स्वरूपामुळे जीविताच्या अथवा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज आहे, हे कागदावर दाखवावे लागते. धमकीची तक्रार, रोख रकमेची ने-आण, पूर्वी झालेला हल्ला अशा गोष्टींचे पुरावे इथे उपयोगी पडतात. ‘गावात वातावरण वाईट आहे’ एवढे कारण पुरत नाही.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. अर्ज फेटाळला गेल्यास अपिलाची सोय आहे.

अभयारण्याची अट इथे महत्त्वाची का?

मुंबई-पुण्याच्या अर्जदाराला सहसा न पडणारा हा प्रश्न आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्याच्या १० किलोमीटर परिसरात नवा शस्त्र परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती घ्यावी लागते. ताडोबा आणि अंधारी आधीपासून आहेतच. त्यात २०२१ मध्ये कन्हाळगाव अभयारण्याची भर पडली. बल्लारपूर तालुक्यातील कोठारी परिसराचे जंगल त्यात येते. म्हणजे एकाच तालुक्यात कोणाचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातून पुढे सरकेल, तर कोणाची फाइल वन विभागाकडेही जाईल. गडचिरोलीत चपराळा आणि भामरागड अभयारण्यांभोवतीच्या गावांनाही हीच अट लागू होते.

‘वाघापासून बचाव’ म्हणून रिव्हॉल्व्हर मागण्याला मुळातच फारसा अर्थ नाही. परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. शिवाय .३२ ची गोळी अंगावर येणाऱ्या वाघाला थांबवेल, अशी खात्री कोणताही जाणकार देणार नाही. पिकांच्या रक्षणासाठी परवान्याचा वेगळा प्रकार आहे आणि तो लांब नळीच्या बंदुकीचा असतो. गडचिरोलीत तर गेल्या काही वर्षांत अनेक गावकऱ्यांनी घरातल्या जुन्या भरमार बंदुका स्वतःहून पोलिसांकडे जमा केल्या आहेत.

‘स्वस्तातले’ म्हणजे काय?

चित्रपटांत आणि मोबाइल गेममध्ये दिसणारे ९ एमएम पिस्तूल सामान्य नागरिकाला घेता येत नाही. ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते आणि त्याचे परवाने केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. जिल्ह्यातून मिळणाऱ्या परवान्यावर साधारणपणे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, नाहीतर .२२ बोअरचे हत्यार घेता येते.

पर्याय मोजकेच आहेत. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी हत्यारांची आयात जवळपास बंद झाल्याने जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरच्या किमती आजही आकाशाला भिडलेल्या असतात. देशी हत्यारांमध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यांचा वाटा मोठा आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीतील निर्भया प्रकरणाच्या पार्श्वभूमीवर महिलांना समोर ठेवून तिथून ‘निर्भीक’ हे .३२ रिव्हॉल्व्हर बाजारात आले. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे जवळपास अर्धा लिटर दुधाच्या पिशवीएवढे. किंमत मात्र त्या वेळीच सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. ज्या नोकरदार मुलीसाठी ते बनवले असे सांगितले गेले, तिचा वर्षभराचा पगार त्यात गेला असता, अशी टीका तेव्हा झाली आणि ती चुकीची नव्हती. ऑगस्ट २०२३ मध्ये याच समूहाच्या ‘ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या सरकारी कंपनीने ‘प्रबळ’ आणले. वजन सुमारे ७०० ग्रॅम, काडतुसांचे चक्र बाजूला उघडणारे आणि पल्ला ५० मीटर असल्याचा दावा. हा पल्ला जाहिरातीत उठून दिसतो. प्रत्यक्षात स्वसंरक्षणाची वेळ दुकानाच्या काउंटरएवढ्या अंतरावर येते.

खासगी कंपन्यांनाही आता परवानगी आहे. वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश कंपनीचे नाव असलेली .३२ रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात तयार होतात. एवढे होऊनही लाखाच्या आत नवे आणि धड .३२ रिव्हॉल्व्हर मिळणे अवघडच.

त्यात करवाढ झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या जीएसटी रचनेत रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलावरील कर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. करपूर्व किंमत १ लाख धरली तर पूर्वी १ लाख २८ हजार मोजावे लागत, आता १ लाख ४० हजार. खासगी नौका आणि चैनीच्या इतर वस्तू ज्या गटात आहेत, त्याच गटात आता स्वसंरक्षणाचे हत्यारही आहे. याशिवाय काडतुसे, कमरेचे होल्स्टर, घरात ठेवायची कुलूपबंद पोलादी पेटी आणि नागपूरच्या फेऱ्या हा खर्च वेगळा.

पहिल्यांदा घेणाऱ्याची आणखी एका ठिकाणी फसगत होते. .३२ रिव्हॉल्व्हर आणि .३२ पिस्तूल यांची काडतुसे एकच नसतात. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब आणि कड असलेले असते, पिस्तुलाचे आखूड असते. परवान्यावर हत्याराचा प्रकार नोंदलेला असतो, त्यामुळे आधी परवाना आणि मग विचार, असा क्रम ठेवला तर पुन्हा कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. जाता जाता : भद्रावतीच्या आयुध निर्माणीमुळे ‘आपल्याकडेच तर बनते’ असे जिल्ह्यात अनेकांना वाटते. तो कारखाना सैन्यासाठी दारूगोळा बनवतो, पिस्तुले नव्हे.

लपवून नेण्याची वेगळी परवानगी लागते का?

अमेरिकेत हा मोठा वादाचा विषय आहे. भारतात चित्र उलटे आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल नेताना ते अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पिशवीत आणि पूर्णपणे झाकलेले असलेच पाहिजे. ते नेणाऱ्याच्या पूर्ण ताब्यातही असले पाहिजे. म्हणजे झाकून नेणे ही सवलत नाही, सक्ती आहे. शर्ट वर करून कमरेचे हत्यार दाखवणारे रील टाकणाऱ्याने परवाना गमावण्याची तयारी ठेवावी.

परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे, हेही त्यावर लिहिलेले असते. बल्लारपूरकरासाठी ही बारीक अक्षरातली ओळ फार मोठी आहे. राजुरा ओलांडून पुढे गेले की तेलंगणा. कागजनगरला मालाची वसुली करायला जाताना महाराष्ट्रापुरता परवाना असलेले रिव्हॉल्व्हर सोबत राहिले, तर तो सीमेपलीकडे गुन्हा ठरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, तेव्हा वापरलेले पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या नावावर आणि उत्तर प्रदेशातील परवान्याचे असल्याचे समोर आले. दुसऱ्या राज्याचा परवाना आणि दुसऱ्याच्या हाती गेलेले हत्यार, हे दोन्ही प्रश्न त्या एका प्रकरणात होते.

चालवून कुठे पाहायचे?

गाडी घेताना आपण चालवून पाहतो. मोबाइल घेताना दुकानातच कॅमेरा सुरू करतो. हत्याराच्या बाबतीत असे काही नाही. परवाना आधी, पैसे नंतर आणि पहिली गोळी त्याच्याही नंतर. विक्रेत्याकडे फार तर रिकामे हत्यार हातात घेऊन मूठ बसते का, खटका किती जड आहे, एवढे पाहता येते. तेवढे तरी जरूर पाहावे. रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे न ओढता थेट खटका दाबायचा तर बोटाला बराच जोर लावावा लागतो. नवख्याचा नेम याच ठिकाणी हलतो. हत्यार जितके हलके, तितका गोळी सुटतानाचा झटका हाताला जास्त जाणवतो. त्यामुळे खिशाला सोयीचे वाटणारे मॉडेल नवख्याच्या हाताला अधिक गैरसोयीचे ठरते.

नियमांनुसार अर्जदाराने शस्त्र सुरक्षेचे प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. हत्यार हाताळणे, नेणे, ठेवणे आणि झाडण्याची पद्धत हे सारे त्यात येते. प्रमाणपत्र मिळते, पण हात तयार व्हायला सराव लागतो. शेतात किंवा वर्धा नदीच्या काठी जाऊन दोन गोळ्या झाडून पाहणे हा सराव नव्हे, तर परवाना जाण्याचा मार्ग आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मग उरते ते अधिकृत शूटिंग रेंज. त्यासाठी नागपूर गाठायचे तर दीडशे किलोमीटरहून अधिक प्रवास, आणि काडतुसे परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच. परिणामी, घेतलेले रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षे कपाटात एकही गोळी न झाडता पडून राहणे अगदी सहज शक्य आहे.

न वापरलेले हत्यार निरुपद्रवी असते असेही नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. हत्यार जुने होते आणि कपाटात ठेवताना हा प्रकार घडला, असे तेव्हा सांगण्यात आले. वर्षानुवर्षे कपाटात राहिलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या आहेत की नाहीत, हे घरातल्या किती जणांना ठाऊक असते?

मग कट्टा?

लाख-दीड लाख आणि कार्यालयांच्या फेऱ्या नकोत म्हणून काही जण देशी कट्ट्याकडे वळतात. महाराष्ट्रात येणाऱ्या अशा हत्यारांचा माग अनेकदा मध्य प्रदेशातील उमरटीपर्यंत जातो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी थेट त्या गावात कारवाई केली. विनापरवाना साधे अग्निशस्त्र बाळगल्यास किमान दोन ते कमाल पाच वर्षे कैद आहे. प्रतिबंधित बोअरचे असेल तर शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते. शिक्षा बाजूला ठेवली तरी नळीचा पोलाद कोणता, दाब किती सहन होतो, याची कुठलीही चाचणी न झालेली वस्तू माणूस चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरतो.

रिव्हॉल्व्हर जवळ असते तर?

चंद्रपूर जिल्ह्यातील वर उल्लेखलेल्या घटना पुन्हा पाहिल्या तर एक गोष्ट सारखी आढळते. हल्लेखोर ठरवून आले, वेळ आणि जागा त्यांनी निवडली, आणि समोरच्याला काही कळण्याआधी गोळी सुटली होती. राजुऱ्यातील महिला तर लक्ष्यही नव्हती. अशा वेळी होल्स्टरमध्ये, नियमाप्रमाणे शर्टाखाली पूर्ण झाकलेले, कधीच सराव न केलेले रिव्हॉल्व्हर बाहेर काढायला वेळ मिळाला असता का? धमकी देऊन पैसे मागणारा समोर उभा राहतो, तिथे हत्याराचा धाक चालू शकतो, हे खरे. पण ते झाडले गेले तर पुढचा हिशेब भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ प्रमाणे होतो. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा, त्यापेक्षा जास्त नाही. हल्लेखोर पाठ फिरवून पळत असताना झाडलेली गोळी बचावाची होती, हे न्यायालयाला पटवणे फार कठीण जाते.

परवाने जास्त झाले की काय होते, हे बीडमध्ये दिसले. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर तिथल्या शस्त्र परवान्यांची संख्या चर्चेत आली आणि प्रशासनाने शंभरहून अधिक परवाने रद्द केले. तेव्हापासून इतर जिल्ह्यांतही नव्या अर्जांकडे अधिक बारकाईने पाहिले जाणे स्वाभाविक आहे.

बल्लारपुरात परवाना मिळालेल्याला आणखी एक गोष्ट गृहीत धरावी लागेल. निवडणुकीची आचारसंहिता लागली की जिल्ह्यातील छाननी समिती परवानाधारकांची यादी तपासते आणि ज्यांना आदेश निघतो, त्यांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. गावातले वातावरण सर्वाधिक तापलेले असते त्याच आठवड्यांत १ लाख ४० हजारांचे रिव्हॉल्व्हर ठाण्याच्या कपाटात असते आणि मालकाच्या खिशात त्याची पावती.