टक्के आणि टोणपे

मराठी माणसाला टक्का मोठा प्रिय. मुलाच्या निकालात टक्के, बँकेतल्या ठेवीवर टक्के. खात्री द्यायची तर तीही शंभर टक्के! परंतु माणसाच्या शरीरातून किती वजा झाले, तेही टक्क्यांतच मोजतात, हे पुष्कळांच्या गावी नसते. मला ते नीट कळले आमच्या आळीतल्या सुभेदारांमुळे.

सुभेदारांनी उजवा पाय गुडघ्याखाली सुरुंगाला दिला. आताचा पाय पुण्याचा. तिथले कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून जवानांना पुन्हा उभे करीत आले आहे. मागे दोन जादा चाके लावलेल्या स्कूटरवरून सुभेदार मारुती मंदिराकडून खाली रामआळीत बाजाराला उतरतात. भाषेचा मास्तर म्हणून आळीतले झाडून सारे अर्ज माझ्याकडे येतात. सुभेदारांचा मात्र कधी आला नाही. अखेर वहिनींनीच त्यांना कागदांच्या पिशवीसकट आणून बसवले.

"मास्तर, पेन्शन मिळते ती पुरे. आता सवलती मागत कुठे हिंडू?"

"सुभेदार, सवलत दुसऱ्याची असते. हक्क आपलाच असतो. अर्ज ही नुसती त्याची आठवण."

"मग लिहा," वहिनी म्हणाल्या. सुभेदारांनी हुकूम मानला.

फौजेचे वैद्यकीय मंडळ टक्के ठरवते ते पेन्शनीसाठी. नागरी ओळखपत्राचा मार्ग निराळा. 'स्वावलंबन' या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा, छायाचित्र आणि आधार जोडायचे, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार वाढवून २१ केले. बऱ्याचशा लाभांना निदान ४० टक्के लागतात. कार्डालाही रंग आहेत: ४० च्या आत पांढरे, ४० ते ८० पर्यंत पिवळे, त्यापुढे निळे. सुभेदारांचे ६० टक्के भरले. पिवळे कार्ड हातात घेऊन ते म्हणाले, "म्हणजे चाळीस टक्के अजून शाबूत आहे म्हणायचे!"

राहिली गाडी. अमेरिकेत अपंग माजी सैनिकांच्या मोटारीला वेगळी नंबरपट्टी मिळते. इंग्लंडात काचेमागे निळा बिल्ला ठेवतात. आपल्याकडे माजी सैनिकासाठी तशी पट्टी नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये वाहननोंदणीच्या २० क्रमांकाच्या अर्जात, मालकीच्या रकान्यात 'दिव्यांगजन' अशी नोंद करण्याची सोय झाली, ती कागदावर. बसथांबे, रेल्वेस्थानके, विमानतळ येथे अपंगांना सोयीची पार्किंगची जागा हवी, असे २०१६ च्या कायद्याचे ४१ वे कलम सांगते. ती जागा ओळखायची जमिनीवरच्या चाकाच्या खुर्चीवरून. त्या चित्राचा मूळ आराखडा १९६८ साली सुसान कोफोएद या डॅनिश विद्यार्थिनीने केला. जगात कुठेही जा, ते वाचायला अक्षरओळख लागत नाही.

तरीही ते वाचले जात नाही!

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघे एका ठिकाणी गेलो. खुर्चीचे चित्र होते, पण त्याच्यावर एक चकचकीत मोटार उभी. मालक मिठाईचे खोके घेऊन डुलत आले. मी चित्राकडे बोट दाखवले, तर म्हणाले, "अहो, दोनच मिनिटं! आणि जागा रिकामीच तर होती."

सुभेदार काही बोलले नाहीत. स्कूटर लांब चढावाखाली लावून ते चालत आले, चालत गेले. घरी कृत्रिम पाय काढला तेव्हा आतले फडके रक्ताने भिजले होते. वहिनींनी मुकाट्याने गरम पाणी ठेवले.

"जागा रिकामीच तर होती!" हे वाक्य मला अजून टोचते. ती जागा रिकामी नव्हती, राखलेली होती. पंगतीत एखादे पान मांडून ठेवलेले असते. पाहुणा यायचा असतो. ते रिकामे दिसले म्हणून शेजारचा त्यावर जाऊन बसत नाही. पंगतीत आपल्याला जे कळते ते रस्त्यावर का कळू नये?

आपल्या भाषेत 'टक्केटोणपे' असा एक जोडशब्द आहे. त्यातला टक्का शेकड्याचा नव्हे, धक्क्याचा. पण सुभेदारांच्या वाट्याला दोन्ही आले. टक्के मंडळाने दिले. टोणपे तुमच्या-आमच्यासारखी भली माणसे देतात, दोन-दोन मिनिटांनी. यंदा कंदील, उटणे, फराळाचे सामान आणायला बाजारात जाल, तेव्हा ते चित्र दिसले तर गाडी चार पावले पुढे न्या. त्याला अर्ज लागत नाही.