स्वस्त तिकीट आणि आईबाबा

मंडळी, आमच्या जळकोटवरून सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो. त्यामुळे पोराकडे परदेशी निघालेल्या आईबाबांना मुंबईपेक्षा हैदराबादचं विमानतळ जवळ. तिथवर काही अडचण नसते. घोळ होतो तो युरोपात विमान बदलताना, आणि त्याचं मूळ तिकीट काढणाऱ्या मुलांच्या काटकसरीत असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

समजा, मुलाने हैदराबाद-फ्रँकफर्ट-ॲमस्टरडॅम-बोस्टन असं तिकीट काढलं. का? तर थोडे डॉलर वाचले. पण जर्मनी आणि नेदरलँड्स दोन्ही शेंगेन देश. त्यांच्यातलं विमान म्हणजे आपलं पुणे-नागपूर! म्हणून इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं आणि त्याला शेंगेन व्हिसा लागतो. पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असून तिथे उपयोग नाही.

दोन वेगवेगळी तिकिटं काढली तरी बहुधा तीच गत. बॅगा घ्यायला बाहेर यायचं, म्हणजे आधी इमिग्रेशन, मग कस्टम्स. तिथे बाहेरून आणलेले दुधाचे पदार्थ चालत नाहीत. तुळजापूरच्या प्रसादातला नारळ सुटतो, पेढे अडतात!

बरं, हे कळतं कधी? हैदराबादच्या काउंटरवर. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो, शिवाय त्याला परत आणायची जबाबदारीही तिचीच. म्हणून ती विमानात बसूच देत नाही. मुलीच्या बाळंतपणाला निघालेली आई मग बॅगा घेऊन पुन्हा गावी. तारीख काय थांबते का?

म्हणून सांगतो, सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या. युरोपात एकदाच विमान बदला, मध्ये किमान तीन तास ठेवा आणि बॅगा थेट शेवटच्या गावापर्यंत टाका. मग मधे बहुतेक ठिकाणी फक्त सुरक्षा तपासणी उरते (तूप-लोणचं हातातल्या बॅगेत नको!). काही देश विमानतळाच्या आत थांबायलाही व्हिसा मागतात आणि हे नियम बदलत राहतात. तेव्हा पैसे भरण्याआधी त्या देशाच्या दूतावासाची साइट बघा. कुठे उतरायचं, कुठल्या पाटीमागे जायचं, हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या.

वाचलेले डॉलर मुलांचे, धास्ती मात्र आईबाबांची. हा हिशोब मला तरी पटत नाही. तुम्हाला पटतो?