नक्कल नव्हे, जीर्णोद्धार

उद्ध्वस्त वास्तू जशीच्या तशी पुन्हा उभारणे म्हणजे इतिहासाची नक्कल करणे होय, असे काही विद्वान मोठ्या अधिकाराने सांगत असतात. फ्लॉरेन्स शहरातील सान्ता त्रिनिता पुलाचा दाखला डोळ्यांसमोर असता हे मत आम्हांला मान्य करवत नाही.

१५५७ च्या महापुरात आर्नो नदीवरील तेथील आधीचा पूल वाहून गेला. त्या जागी अम्मान्नाती या स्थपतीने १५६७ मध्ये नव्याचे काम हाती घेतले. कमानी तीनच, पण त्यांचे वळण इतके चपटे व डौलदार, की त्याचे गणित पुढे अभ्यासकांना कोडे घालीत राहिले. १६०८ साली मेदिची घराण्यातील विवाहानिमित्त त्याच्या टोकांना चार ऋतूंच्या मूर्ती बसविल्या गेल्या.

३ ऑगस्ट १९४४ च्या रात्री माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातील पूल सुरुंगांनी उडविण्यास आरंभ केला, आणि त्यात हाही गेला. पोन्ते वेक्किओ हा एकटा वाचला, तोही दोन्ही टोकांची घरे जमीनदोस्त करून! (त्याच उन्हाळ्यात मराठा पलटणी इटलीत लढत होत्या, नाईक यशवंत घाडगे १० जुलैला तेथेच पडले. तेव्हा ही कथा परक्यांची म्हणून निदान बेळगावकरांनी तरी सोडून देऊ नये.)

पुढे वाद माजला. कलापंडित बेरेन्सन यांनी १९४५ मध्ये पूर्ववत् बांधणीचा आग्रह धरला. पुरातत्त्वज्ञ बियांकी बांदिनेल्ली यांनी त्यास विरोध केला. आत काँक्रीट घालून वर दगडाचा मुलामा द्यावा, अशीही सूचना निघाली. हा मुलामा आमच्या चांगल्या परिचयाचा आहे! धडधाकट चिरेबंदी भिंत पाडायची, सिमेंट ओतायचे, वर चकचकीत लादी बसवायची आणि त्यालाच जीर्णोद्धार म्हणायचे, हा उद्योग आपल्या देवस्थानांतून काय थोडा चालतो?

फ्लॉरेन्सकरांनी तसे केले नाही. नदीत पडलेले दगड त्यांनी वर काढले. उणे पडले त्यांसाठी बोबोली उद्यानातील जुनी खाण पुन्हा उघडली, आणि जुन्या पद्धतीच्या हत्यारांनी ते घडविले. १९५८ च्या मार्चमध्ये पूल खुला झाला. याला नक्कल म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो: जीर्णोद्धाराच्या वेळी देवतेचे तेज कलशात घेऊन मंदिराचे काम पुरे होताच ते मूर्तीत परत आणतात, तेव्हा ते देवालय खोटे ठरते काय? आकार, साहित्य आणि कारागिराचा हात ही परंपरा अखंड असेल, तर वास्तू तीच, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चारही ऋतू पुलावर परतले, परंतु वसंताच्या मूर्तीचे शिर सापडत नव्हते. १९६१ साली ते आर्नोच्या पात्रातून निघाले आणि त्याच धडावर बसविले गेले.