ज्याला घ्यायचंय, त्यानेच भाव सांगायचा?

वर्तकनगरातल्या म्हाडाच्या जुन्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला निघाल्या, तसे लोकांचे माळे रिकामे होऊ लागले. भाड्याच्या घरात न्यायचं काय आणि भंगारवाल्याला द्यायचं काय, याची छाननी घरोघर सुरू झाली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या देव्हाऱ्यामागून एक कापडी पिशवी निघाली. सासऱ्यांची. तिच्यात चौदा चांदीचे रुपये आणि तांब्याची सहा-सात जाड, ओबडधोबड नाणी. काकू ती पिशवी घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "अरे, तुला नाण्यांतलं कळतं ना? सांग बघू, किती येतील."

मी पिशवी उघडली आणि पोटात गोळा आला. रुपये लखलखत होते. मला दाखवायचे म्हणून काकूंनी आदल्या रात्री बसून दंतमंजनाने घासले होते. शंभर-सव्वाशे वर्षांत चांदीवर चढलेली राखाडी-निळसर छटा एका रात्रीत मोरीतून वाहून गेली होती. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र पाहुण्यांसमोर नातवंडं नटवून आणल्याचा आनंद.

त्यातला एक रुपया १९११ सालचा, पंचम जॉर्जचा. हे नाणं प्रसिद्ध आहे. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक हत्ती कोरलेला होता, पण त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, नाणं मागे घेतलं गेलं आणि १९१२ पासून हत्ती सुधारून नवा ठसा आला. कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळींत मिळून सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले, त्यातले जेमतेम ७ लाख बाहेर पडले, बाकीचे वितळवले. म्हणजे नाणं दुर्मिळसर आहे. काकूंच्या मुलाने मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओत मात्र त्याची किंमत पाच लाख होती. व्हिडिओखालच्या नंबरवर त्याने फोन केला. समोरून रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्र आलं, नंतर 'नोंदणी फी', नंतर 'जीएसटी'. पैसे गेले, नंबर बंद झाला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि आपण असली कोणतीही फी घेत नाही. पण ते पत्रक काकूंच्या घरापर्यंत कोण आणणार? व्हिडिओ आपल्या पायांनी येतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हा नेहमीचा भामटेगिरीविरुद्धचा लेख. तसं नाही. भामट्यांविरुद्ध पोलीस आहेत. माझं भांडण आमच्याशी आहे, म्हणजे नाणी जमवणाऱ्यांशी आणि आम्ही ज्यांच्याकडून ती घेतो त्या विक्रेत्यांशी.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी एका टेबलापाशी उभा होतो. एक म्हातारे गृहस्थ रुमालाच्या गाठीत हाच १९११ चा रुपया घेऊन आले. त्यांनी विचारलं, "हे काय आहे हो?" विक्रेत्याने भिंग लावलं, नाणं उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "घासलेलं आहे आजोबा. चांदीचा भाव देतो." आजोबांनी पैसे मोजून घेतले, नमस्कार केला आणि गेले. दुपारी चहा पिऊन मी परत आलो तेव्हा तोच रुपया काचेखाली, प्लास्टिकच्या पाकिटात बसला होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं 'एक्स्ट्रा फाइन', आणि किंमत दिलेल्या पैशांच्या कितीतरी पट. सकाळी घासलेलं नाणं जेवणाच्या सुट्टीत बरं झालं होतं. मी सकाळीही गप्प होतो, दुपारीही. तो विक्रेता मला सवलत द्यायचा.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. नाण्याचा दर्जा आणि भाव ठरवण्याची आपल्याकडची रीत मुळातच नासकी आहे, कारण ज्याला ते विकत घ्यायचंय तोच तो ठरवतो.

दर्जा ठरवणं ही जादू नव्हे. पहिला प्रश्न, नाणं खरं आहे का. १९३९ पर्यंतच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात साडेएक्क्याण्णव टक्क्यांच्या वर चांदी. १९४० पासून चांदी अर्ध्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा. वजनकाटा, कडेवरच्या रेघा, ओतीव नकलेवर दिसणारे बारीक फुगे, यांतून पुष्कळ कळतं. दुसरा प्रश्न झिजेचा : गाल, केस, मुकुट असे उंच भाग किती सपाट झाले आहेत. तिसरा, ठसा मुळात किती नीट उमटला होता. चौथा, पृष्ठभाग अस्सल आहे की घासलेला. या चारांतून दर्जा निघतो. भाव मात्र आणखी दोन गोष्टींवर ठरतो : असं नाणं शिल्लक किती आणि मागणारे किती.

या शेवटच्या मुद्द्यावरच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे. काकूंच्या पिशवीतली तांब्याची नाणी शिवराया होत्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. नाव वाचून अंगावर रोमांच येतो, पण महाराजांच्या मागेही ही नाणी याच नावाने पाडली जात राहिली आणि पेशवाई बुडाल्यावरही बाजारात चालत राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेव्हरंड ॲबट यांनी सुमारे २५ हजार शिवराया गोळा करून त्यांवरच्या अक्षरांचे भेद तपासले होते. जे नाणं एका माणसाला हजारांनी मिळतं, ते लाखाला कसं जाईल? राज्याभिषेकाचा सोन्याचा होन वेगळा. तो खरोखर दुर्मिळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकला उदंड आहेत. उलट १८६२ चा राणीचा रुपया घ्या. हेच साल १८७४ पर्यंत नाण्यांवर छापत राहिले, त्यामुळे तो घरोघर सापडतो. पण त्यावरचे बारीक ठिपके आणि राणीच्या चेहऱ्याचे प्रकार मोजले, तर त्यातलाच एखादा दुर्मिळ निघतो. आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, १८१८ साल घातलेली, राम-सीता-हनुमानाची नाणी? ती कंपनीने कधी पाडलीच नाहीत. त्यांच्यापायी 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणून माणसं घरं गहाण टाकतात.

हे ज्ञान सांगायला अर्धा तास पुरतो. आम्ही ते सांगत नाही, कारण न सांगण्यात फायदा आहे. आमच्यात त्याला कौतुकाने 'लॉट उचलला' म्हणतात. समोरच्या विधवेला, समोरच्या शेतकऱ्याला जे ठाऊक नव्हतं ते आपल्याला ठाऊक होतं, ही त्या कथेची गंमत असते आणि ती चहाबरोबर सांगितली जाते.

यावर विक्रेत्यांचं उत्तर मी पुष्कळदा ऐकलंय. "वीस वर्षं घालवून शिकलोय, त्याचे पैसे नकोत?" हवेत, जरूर हवेत. दुकानाचं भाडं आहे, पैसा अडकतो, नकली नाण्यात हात पोळतात. कमी भावात घेऊन जास्त भावात विकणं हा व्यापार आहे आणि त्यात लाज नाही. पण ते आजोबा 'कितीला घेता' असं म्हणाले नव्हते. 'हे काय आहे' असं म्हणाले होते. या प्रश्नाचं उत्तर देताक्षणी तुम्ही गिऱ्हाईक राहत नाही, जाणकार होता. जाणकार म्हणून विश्वास घ्यायचा आणि गिऱ्हाईक म्हणून घासाघीस करायची, हे एका तोंडाने होत नाही. ज्ञानाचे पैसे हवेत तर ज्ञानाची फी लावा. डॉक्टर लावतो, वकील लावतो.

दुसरं उत्तर नव्या पिढीचं : परदेशी कंपन्यांकडून दर्जा लावून घ्या, सीलबंद डबीत आकडा मिळेल, वाद मिटला. तोही अर्धवट उपाय आहे. मुळात सत्तरपैकी गुण देण्याची ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी काढली. सत्तर गुणांचा सेंट एक गुणाच्या सेंटच्या सत्तर पट किमतीचा, असा तो हिशेब होता. पुढे बाजाराने किमतीचं ते गणित मोडलं आणि आकडा तेवढा ठेवला. आपली शिवराई हातोड्याने पाडलेली. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान. अर्धी अक्षरं पहिल्या दिवसापासूनच बाहेर. ती झिजलेली नाहीत, उमटलीच नव्हती. पुतळीच्या माळेत ओवायला कडी लावलेलं नाणं त्या पट्टीवर फक्त 'खराब' ठरतं. शिवाय शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, आणि १९७२ च्या कायद्याने खासगी माणसाला ते देशाबाहेर धाडता येत नाही. डबीची फी परवडेल असं नाणं काकूंच्या चौदांत एखादंच होतं, हे तर वेगळंच.

पण त्या पद्धतीतलं एक तत्त्व घेण्यासारखं आहे : दर्जा लावणारा वेगळा, विकत घेणारा वेगळा. सोन्यात आपण हे मान्य केलंय. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला तेव्हा सराफांनी कुरकुर केली, पण आज दागिन्याची शुद्धता सराफाच्या तोंडावर नाही, वेगळ्या केंद्राच्या शिक्क्यावर ठरते. नाण्यांना सक्ती नको. नाणेसंग्राहकांच्या मंडळांनी प्रत्येक प्रदर्शनात दाराशी एक टेबल ठेवावं. तिथे बसणाऱ्याने त्या दिवशी काहीही विकत घ्यायचं नाही. येणाऱ्याला वजन, धातू, साल, टांकसाळ, दर्जा आणि भावाचा अंदाज लिहून द्यायचा, खाली सही करायची. मग आजोबांनी खुशाल कुठल्याही टेबलावर जावं.

मंडळं हे करतील तेव्हा करतील. मी काकूंपासून सुरुवात केली. चौदा रुपये तोलले आणि चिठ्ठी लिहिली : बारा साधे, चांदीच्या भावाहून थोडे वर. एक १८६२ चा, ठिपके तपासून घ्यावेत. एक १९११ चा, अस्सल, झीज मध्यम, घासल्यामुळे भाव बराच उतरला, तरी हजारांत, लाखांत नव्हे. शिवराया नातवंडांसाठी ठेवाव्यात. काकूंनी वाचलं आणि म्हणाल्या, "मग तूच घे ना तो डुकराचा. तुझ्याकडे नीट राहील."

माझ्या संग्रहात तो रुपया नाही. मी नको म्हणालो आणि चिठ्ठीच्या तळाशी लिहिलं : 'किमान दोघांना विचारावे. पुन्हा घासू नये.'