कोलशेतच्या खाडीकाठी कामाला बसायची जागा द्या

मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका यांस,


खाडीकिनारा विकासाच्या आराखड्यात कोलशेतचं नाव आहे, राष्ट्रीय जलमार्ग ५३ वर ठरलेल्या जेट्टींमध्येही आहे. त्यांच्या जोडीला माझी एक मागणी आहे. घरून काम करणाऱ्यांसाठी इथे पालिकेची अभ्यासिका उघडा.

कोलशेत रस्त्यावर एकेकाळी सँडोझचा कारखाना होता, बायरचा होता. पाळी संपली की माणूस काम तिथेच ठेवून घरी यायचा. कारखाने गेले, त्या पट्ट्यात टॉवर आले. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर नोकरी पुन्हा कोलशेतात आली, ती थेट घरात शिरली. खाडीचा वारा खात, लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करणारी माणसं जाहिरातींत दिसतात. गावठाणातल्या नि वन-रूम-किचनमधल्या घरांत चित्र वेगळं आहे. सासूबाईंची दुपारची झोप, मुलाचा गृहपाठ आणि सुनेची मीटिंग एकाच खोलीत चालते. ती माइक बंद ठेवून ऐकते आणि बोलायची पाळी आली की जिन्यात जाते. पावसात वीज गेली की फोनच्या नेटवर कसंबसं निभावते. तिला कामावरून काढणं मात्र सोपं असतं, कारण तिची अडचण साहेबांना दिसतच नाही. रोज ऑफिसला जायचं म्हटलं, तर घोडबंदर रस्त्यावरची कोंडी आपण जाणताच.

पोर्तुगालच्या मदेरा बेटावर पोंता दो सोल नावाचं छोटं गाव आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सांस्कृतिक केंद्रात टेबलं आणि इंटरनेट देऊन दूरस्थ काम करणाऱ्यांना मोफत जागा खुली केली. त्यांनी बाहेरच्यांना बोलावलं. आपल्याकडे काम करणारी माणसं आधीच राहायला आहेत, आणि मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालवणाऱ्या ठाण्याला सार्वजनिक खोलीत शांत बसण्याची सवय नवी नाही.

जागेसाठी खारफुटीला हात लावू नका. ही खाडी आधी कोळी-आगरी कुटुंबांची आहे. त्यांच्या होड्या लागतात, जाळी वाळतात, तो काठ त्यांच्याकडेच राहू द्या. पालिकेची एखादी तयार इमारत पुरेल. तिथे इन्व्हर्टर हवा, फोनवर बोलायला दोन बंद खोल्या हव्यात, स्वच्छतागृह हवं. शुल्क असलंच तर टीएमटीच्या बसपासाइतकं असावं. गावातल्या मुलामुलींसाठी काही टेबलं राखून ठेवावीत.

वेळेचा विचार आवर्जून करा. काम लंडनच्या ऑफिसचं असेल, तर हिवाळ्यात तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे अडीच, आणि तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे रात्रीचे साडेदहा. अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी राहिली आणि तिथून बसथांब्यापर्यंत दिवे असले, तरच बायका तिथे काम करू शकतील.

आपली,
कोलशेतची एक रहिवासी